टाकीवरचा ठिपका

प्रज्ञा, भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी पद्धत नव्हती. डबा अर्धा राहायचा, चहा निवून जायचा, पण भांडण तू शेवटाला न्यायचीस. आणि सगळ्यांत मोठं होतं तेच मधे टाकून गेलीस. आपलं ॲप कायमचं बंद करायचं की पुन्हा सुरू करायचं, हे ठरलंच नाही. तू म्हणत होतीस बंद. मी म्हणत होते सुरू. आता समोर बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून मी जिंकले असं धरायचं का? असलं जिंकणं मला नको होतं, बाई.

लिहायला बसले की माझी भाषा पुण्याची होते म्हणून तू हसायचीस. ‘बोलते तं वऱ्हाडी, लिव्हते तं पुणेरी. तुले दोन जिभा हाय का वं, सुषमे?’ हास आता. हसणारी नाहीस तर मला तरी कुठं मजा येतेय लिहायला.

तू गेल्यावर तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा सगळे म्हणत होते, प्रज्ञाताई फार शांत होत्या. शांत! माय वं! मी मान खाली घालून बसले, नाहीतर तिथंच बोलले असते. ॲप उघडायला वेळ लागला की तू फोन टेबलावर आपटायचीस. खालच्या बियाण्यांच्या दुकानातले भाऊ वर येऊन विचारायचे, काय पडलं मॅडम? बुलढाण्यात त्या दुकानाच्या माडीवर आपण दोघी मोबाइलची ॲपं बनवत बसायचो आणि निम्मा वेळ तू नेटला शिव्या देत असायचीस. एकही शिवी कार्यक्रमात कोणाला आठवली नाही. मला मात्र सगळ्या पाठ आहेत.

आणि हेही कोणाला माहीत नव्हतं, की सासर सोडून मी परत आले तेव्हा या गावात एकट्या तूच मला काही विचारलं नव्हतंस. ‘कॉम्प्युटर आणला का सोबत? मंग बस,’ एवढंच म्हणालीस. बाकीच्यांनी मला किती समजावलं आणि किती कीव केली, त्यापेक्षा ते एक वाक्य मला पुरलं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘रिकामी हाय का?’ म्हणाली असतीस.

घाटाखालच्या गावांमधल्या गरोदर बायांना दवाखान्यात न्यायला गाडी मिळावी म्हणून एका संस्थेनं आपल्याला ॲप बनवायला सांगितलं, तेव्हा तू किती खूश झाली होतीस! काम सोपं दिसत होतं. बाईनं आधीच घरून नाव भरायचं, कितवा महिना ते भरायचं, घराचा ठिपका नकाशावर टाकायचा. कळा सुरू झाल्या की ठरलेल्या नंबरवर नुसता मिस्ड कॉल द्यायचा. जवळच्या जीपवाल्याच्या फोनवर बाईचं नाव आणि घराचा ठिपका जाणार आणि बाईला मेसेज येणार, ‘गाडी निघाली आहे.’ बस.

पण त्या गावांमध्ये रेंज म्हणजे देवाची मर्जी. मिस्ड कॉल लागतो, एखादा मेसेज येतो, नेट मात्र चालत नाही. आपलं पहिलं ॲप तिथं उघडायचंच नाही. नुसता तो गोल फिरत राहायचा. गाडीचा मेसेज यायला उशीर झाला की बाया पुन्हा पुन्हा मिस्ड कॉल द्यायच्या. एका घरी एकीसाठी तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि तिची सासू जीपवाल्यांना म्हणाली, ‘डिलिव्हरी हाय बावा, वरात नाई.’ हे ऐकून तू डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलीस आणि दुसऱ्या दिवशी लगेच दुरुस्त केलंस. कितीही वेळा कॉल आला तरी मागणी एकच धरायची, आणि भरलेली माहिती नाही गेली तर सारखं सारखं धडका मारत बसायचं नाही, थोडं थांबून, मग आणखी थोडं जास्त थांबून पाठवायचं.

ते दिवस चांगले होते गं. बाजारातला सगळ्यात स्वस्त फोन तू विकत आणलास आणि मला घेऊन मोताळ्याच्या एसटीत बसलीस. घाट उतरताना खिडकीबाहेर हात काढून फोन धरायचीस, कुठं रेंज जाते, कुठं येते, गेल्यावर ॲप काय करतं, ते बघायला. कंडक्टर ओरडला, ‘मॅडम, फोन पडन नं!’ तू म्हणालीस, ‘पडू द्या हो, पडल्यावर तरी ह्याले रेंज येते का पाहू.’ अख्खी गाडी हसली. पुढच्या स्टॉपला एक म्हातारे गृहस्थ आपल्याला टॉवरवाल्या मॅडम समजून तक्रार सांगायला लागले आणि तू ती उतरेपर्यंत ऐकून घेतलीस.

तू एकेक वजन काढून टाकलंस त्या ॲपमधून. फोटो काढले. रंगीत चित्रं काढली. माहितीचं पाच वेळा जायचं-यायचं होतं ते एका खेपेत बसवलंस, बाजाराला एकदाच जावं आणि सगळं आणावं तसं. भरलेलं सगळं आधी फोनमध्येच ठेवायचं आणि रेंज आली की आपोआप पाठवायचं. तरी ॲप एका जागी अडायचंच. घराचा ठिपका घ्यायला त्या स्वस्त फोनला फार वेळ लागायचा, पडदा गोठायचा आणि बाया कंटाळून सोडून द्यायच्या. मग तुला ती युक्ती सुचली. फॉर्म भरताना ठिपका घ्यायचाच नाही. फोन रेंजमध्ये येऊन माहिती पाठवायला लागला की तेव्हा घ्यायचा. नाहीतरी तेव्हा फोन थांबलेलाच असतो.

ॲप एकदम पळायला लागलं. बोट लावलं की उघडतंय, भरलं की झालं. तू खुर्चीत गोल फिरलीस आणि म्हणालीस, ‘आता पाह्य, कसं हरणावानी पळून राह्यलं!’ संस्थेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवशीचा तुझा चेहरा मला अजून दिसतो.

फोन आणि माणूस एकाच ठिकाणी असतात, हे आपण धरूनच चाललो होतो. बुलढाण्यात बसून दुसरं काय सुचणार होतं? त्यातल्या एका गावाला नेटपुरती रेंज फक्त टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी येते. पोटुशी बाई टेकडी कशी चढणार? मग गावानं आपली रीत काढली होती. बाया घरी बसून फॉर्म भरायच्या आणि टाकीकडे जो कोणी निघाला असेल त्याच्या पिशवीत फोन टाकायच्या. तो वर जायचा, पिशवी कठड्यावर ठेवून विडी ओढायचा, फोन टिंग टिंग वाजले की खाली यायचा. घरोघर फोन परत. किती शहाणपणाची रीत! आणि त्या पिशवीतल्या प्रत्येक फोननं, रेंज मिळाल्याबरोबर, तू शिकवलं होतंस तसं मुकाट्यानं सांगितलं होतं की ही बाई टाकीवर राहते.

इतके महिने हे कोणाच्या लक्षात का आलं नाही, ते तू मला पुन्हा पुन्हा विचारायचीस. उत्तर तुलाही माहीत होतं. गावातला जीपवाला भास्कर. तो नाव वाचायचा आणि थेट दारात जायचा. नकाशा त्यानं कधी उघडलाच नव्हता. त्याच गावात जन्मलेला माणूस, त्याला ठिपका कशाला लागतो?

मागच्या वर्षी त्याच गावातल्या शीतलला कळा आल्या तेव्हा भास्कर लग्नाला गेला होता. भर दुपार होती. तिच्या सासूनं मिस्ड कॉल दिला आणि लगेच मेसेज आला, ‘गाडी निघाली आहे.’ दुसऱ्या गावचा जीपवाला ठिपक्यावर बरोबर आला. टाकीवर. हॉर्न वाजवत उभा राहिला. उलट फोन लावला तर लागेना. त्याला वाटलं, पेशंटला इथवर घेऊन येत असतील. इकडं शीतल ओसरीवर, आणि सगळं घर रस्त्याकडं डोळे लावून, गाडी निघाली आहे म्हणून. शेवटी दिराच्या मोटरसायकलवर मधे बसवून तिला नेलं. मुलगा डांबरी रस्त्याच्या कडेला झाला. तो रडलाच नाही.

आपण दोघी गेलो होतो त्यांच्या घरी. संस्थेनं जाऊ नका सांगितलं होतं, तरी तू निघालीस आणि मी मागं आले. ओसरीवर बसून तू सरळ म्हणालीस, ‘चूक माही होती. ठिपका मी चुकीच्या वेळी घेतला.’ शीतलनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिच्या सासूनं मात्र चहा केला. घरी आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो म्हणून केला, बाकी काही नाही. तो चहा तू शेवटच्या घोटापर्यंत प्यालीस आणि मला तुझ्याकडं बघवेना. परतीच्या एसटीत तू फोन पर्समधून काढला नाहीस.

दुरुस्ती तू एका बैठकीत केलीस. ठिपका घरीच, फॉर्म भरतानाच. वेळ लागला तर लागू द्या, पण पडदा गोठू द्यायचा नाही, ठिपका मागच्या मागं घ्यायचा. बाईला तो नकाशावर दाखवायचा आणि ‘हे तुमचं घर आहे का?’ विचारायचं. गाडीवाल्याला घराची खूणही लिहून जायची. सगळं नीट. आणि मग कॉम्प्युटर बंद करून म्हणालीस, ‘आता हे कायमचं बंद कराचं.’ संस्थेनं निर्णय आपल्यावर सोडला होता. ॲप तसंच बंद पडून राहिलं आणि आपण भांडत राहिलो.

मी म्हणायचे, ‘चूक सापडली, सुधारली. आता बंद काऊन कराचं?’

‘ही सापडली. न सापडलेल्या किती हाय, तुले माहीत हाय का?’

‘मंग कोणी काहीच बनवू नाई का? ॲप नोतं तवा बाया रस्त्यातच बाळंत होत होत्या नं!’

‘होत होत्या. पण तवा कोणी भरवसा देत नोतं, सुषमे. कळ आली की निघत होत्या, जे भेटन त्यानं. आपण सांगतलं, गाडी निघाली हाय. म्हणून ते थांबले. आपल्या बोलण्यावर थांबले वं ते.’

मग मी डॉक्टरांचं सांगायचे, की नाळ मानेभोवती होती, गाडी वेळेवर आली असती तरी काय झालं असतं सांगता येत नाही म्हणाले. तू हात झटकायचीस. ‘ते डॉक्टरनं आपल्याले सांगतलं. आपलं मन राखाले.’ कोणी तुला सूट दिली की तुला रागच यायचा. मला तेव्हा तुझा इतका संताप यायचा! स्वतःला एवढं मोठं समजतेस का, की गावात काहीही वाईट झालं तर ते तुझ्याच हातून झालं पाहिजे? हे मी तुला तोंडावर म्हणालेही.

त्यानंतर तू नीट जेवलीस असं मला आठवत नाही. डोकं दुखतंय म्हणायचीस, गोळी घ्यायचीस. त्या दिवशी सकाळी पुन्हा तोच विषय निघाला. तू कपाळ धरलंस, ‘थांब वं, डोकं फुटून राह्यलं,’ म्हणालीस आणि टेबलावर मान टाकलीस. मला वाटलं, भांडण टाळतेय. मी चिडून ‘नाटकं करू नोको’ म्हणणारच होते.

तुझ्यासाठी गाडी लगेच आली, प्रज्ञा. फोन पहिल्या रिंगला लागला. पत्ता विचारला, बियाण्यांच्या दुकानाच्या वर म्हटलं, दारात येऊन उभी राहिली. इथल्या डॉक्टरांनी पुढं न्या म्हटलं, तर पुढं न्यायलाही गाडी तयार. रस्ता मोकळा होता. मी तुझे पाय धरून बसले होते आणि सारखी फोनकडं बघत होते, रेंज भरपूर होती. सगळं वेळेवर होऊनही तू गेलीस. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, एवढंच सांगितलं त्यांनी. मी तुझ्याशी भांडताना हेच तर सांगत होते, की गाडी वेळेवर येऊनही माणूस जातं. ते तू असं पटवून द्यायला नको होतंस.

कार्यक्रमाला शीतल आली होती. मी आधी ओळखलंच नाही. मांडवाच्या कडेला खांबाला टेकून उभी, आठवा महिना असावा. एकटीच आली होती, दोन एसट्या बदलून. तुझ्या फोटोकडं खूप वेळ बघत राहिली, फूल काही वाहिलं नाही. मी पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाली, ‘तुमी त्यायच्या सोबत आल्या होत्या नं?’

मी हो म्हटलं.

‘मले त्यायले सांगाचं होतं. तवा तोंडच उघडलं नाई माहं. मंग रोज वाटे, जाव बुलडाण्याले अन् तोंडावर सांगाव. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता राहून गेलं.’

मला वाटलं, आता माफीचं बोलणार. माणूस गेल्यावर लोक बोलतात तसं. मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो मागं घेतला.

‘मी माफ नाई केलं त्यायले. हेच सांगाचं होतं. आता कोणाले सांगू?’

‘मले सांग,’ मी म्हटलं.

आणि तिनं सांगितलं. लोक जेवायला बसत होते, वाढणारे ओरडत होते, आणि ती हळू आवाजात एकेक गोष्ट बोलत होती. तो किती गोरा होता. त्याची बोटं कशी होती. ओसरीवर ती ‘चला, पायी निघू’ म्हणत होती आणि सगळे तिला ‘थांब, गाडी निघाली हाय’ म्हणत होते. तुझ्या वाटणीचं होतं ते, मी घेतलं. तू असतीस तर तूही असंच ऐकलं असतंस, मान खाली न घालता. मला तेवढं जमलं नाही, मी रडले. ती नाही रडली.

सगळं बोलून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, ‘ते गाडीचं बंद काऊन हाय?’

मी म्हटलं, ‘चालू कराचं का बंद ठेवाचं, ते ठरलंच नाई.’

‘असं कसं? भास्करभाऊनं जीप इकून टाकली. माहा पुढचा महिना भरते. मी कोणाले बोलावू?’ एकदम आवाज चढला तिचा. ‘त्या गेल्या तं गेल्या. तुमी तं हाय नं? चालू करा ते.’

माफ न करता. समजलं का तुला? आपण दोघी इतके महिने जे भांडलो त्यात ही गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. तुला वाटत होतं, आपल्यावर आता कोणी भरवसा ठेवू नये. मला वाटत होतं, आपण सुधारलो म्हणून त्यांनी ठेवावा. तिच्याकडे तर दुसरी गाडीच नाही.

मी सुरू केलंय. तुला न विचारता. चिडायचं तर चीड.

काल तिच्या गावी गेले. तिच्या अंगणात उभं राहून तिच्याच हातानं फॉर्म भरून घेतला. तो स्वस्त फोन ठिपका शोधत बसला, आम्हीही बसलो. मग घराचा ठिपका नकाशावर आला, ‘हे तुमचं घर आहे का?’ विचारलं आणि शीतलनं बोट लावलं. भरलेला फॉर्म मी टाकीवर जाऊन पाठवून आले. खाली येऊन तिला म्हटलं, आता मिस्ड कॉल दे, खोटाच. या गावात कधीही न आलेला जीपवाला मी मुद्दाम नांदुऱ्याकडचा निवडला होता आणि कोणाचं घर, कुठं, काही सांगितलं नव्हतं.

वाट बघताना शीतल ओसरीवर त्याच जागी बसली होती. सासू आत भांडी घासत होती, म्हणजे एकच भांडं घासत होती. मी रस्त्याकडं बघत होते आणि मनातल्या मनात तुला शिव्या देत होते, की ही वेळ माझ्यावर आणलीस म्हणून.

जीप गल्लीत वळली. टाकीचा रस्ता सोडून सरळ आली आणि दारासमोर थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, ‘शीतलताईचं घर हेच का?’

सासू राखेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. जीपकडं बघत उंबऱ्यात उभी राहिली. पुढं आली, बॉनेटवर हात ठेवून पाहिला, ती खरोखरची आहे का म्हणून.

‘ही गाडी तवा याले पाह्यजे होती वं माय,’ ती म्हणाली आणि तिथंच, चाकापाशी, खाली बसली.